मुरगळलं की मोडलं?

मराठीत हाताला काय काय होऊ शकतं, याची यादी एकदा करून पाहा. हात लचकतो, मुरगळतो, अवघडतो, भरून येतो, सुजतो, निखळतो, मोडतो. शिवाय मुका मार लागतो तो वेगळाच. आमच्या घरात आजी ‘मोच’ म्हणायची, शेजारच्या खोलीतल्या काकू ‘मुरगळ’ म्हणायच्या. दोघींचा उपाय मात्र एकच होता : आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून गरम लेप. एवढे शब्द ज्या भाषेत आहेत, तिथे हे दुखणं नवं नाही हे उघड आहे. पण गंमत अशी की, शब्द इतके वेगवेगळे असूनही पडल्यानंतर पहिल्या तासात कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, की या हाताला नेमका कोणता शब्द लावायचा. माणूस पडतो, तोल सावरायला हात पुढे टाकतो, सगळं वजन तळव्यावर येतं आणि मनगट सुजतं. मुरगळलं की मोडलं? या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला माणसाला काही शतकं लागली.

तुम्ही म्हणाल, उत्तर काय, दोन दिवसांत कळतंच की. मी वाढलो त्या वरळीत दोन दिवसांची किंमत फार होती. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी घ्या. एकट्या वरळीत अशा १२१ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. पावसाळ्यात ओल्या पायांची वर्दळ आणि जिन्यावरची निसरड. तिथून थोडं पुढे कोळीवाडा : ओले खडक, होड्या, शेवाळलेल्या पायऱ्या. आणि या सगळ्याच्या मागे गिरण्या. साचेखात्यात तेलकट जमीन, भोंगा झाला की धावपळ, रातपाळीत डोळ्यांवर झोप. घसरून पडायला इथे निमित्त शोधावं लागत नसे.

गिरणीत ‘बदली’ म्हणून लागणाऱ्या माणसाचा विचार करा. रोज सकाळी खात्याच्या दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळायचं. त्याचं मनगट मुरगळलं असेल तर चार दिवस उपास, आणि मोडलं असेल तर दीड-दोन महिने. गावाकडे मनिऑर्डर जाणार की नाही, पोरांच्या वह्या येणार की नाही, खाणावळीचा हिशेब थकणार की नाही, हे सगळं त्या एका निदानावर अवलंबून. त्यामुळे तो माणूस काय करी? ‘मुरगळलंय’ असं स्वतःलाच सांगे, फडकं गुंडाळी आणि कामावर जाई. ‘मोडलंय’ हा शब्द परवडणारा नव्हता.

कायद्यालाही हा फरक माहीत होता. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कामावर असताना, कामामुळे झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व त्याने आणलं. मात्र ठरावीक दिवसांपेक्षा कमी काळाची दुखापत त्यातून वगळली. म्हणजे मुरगळीला काही नाही, मोडण्याला काही तरी. पुढे १९४८ मध्ये राज्य कामगार विम्याचा कायदा आला, १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती मुंबईत पोहोचली. आपल्या परळला आणि वरळीला या योजनेची रुग्णालयं उभी राहिली. विमा काढलेल्या कामगाराला पहिल्यांदाच असं झालं की फोटो काढायला, म्हणजे एक्स-रे काढायला, खिशाकडे बघावं लागेना. आमच्या भागात एक्स-रेला ‘फोटो’च म्हणत. ‘फोटो काढला काय?’ हा चौकशीला आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न.

पण फोटो निघण्याच्या आधीची माणसं काय करत होती? ती काही अडाणी नव्हती.

सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांचा स्वतंत्र विचार आहे. हाड मधे मोडणं म्हणजे कांडभग्न, त्याचे बारा प्रकार. आणि सांधा सुटणं म्हणजे संधिमुक्त, त्याचे सहा. हाड मोडल्याच्या खुणा सांगताना सूज, हात लावू न देणं, दाबल्यावर होणारा आवाज आणि कोणत्याही स्थितीत ठेवलं तरी चैन न पडणं, अशा गोष्टी येतात. शेवटची खूण मला फार महत्त्वाची वाटते. मुरगळलेला हात उशीवर नीट ठेवला की निवतो. मोडलेल्याला बहुधा कुठेच ठेवता येत नाही. मोडलेल्या भागाला उंबर, पिंपळ, वड, पळस अशा झाडांच्या साली नाहीतर बांबूच्या पट्ट्या बांधायच्या, आणि ती बांधणी थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलायची, इतका तपशील तिथे आहे. सैल बांधलं तर हाड स्थिर राहत नाही आणि आवळून बांधलं तर सूज आणि ठणका वाढतो, हा इशाराही आहे. त्या इशाऱ्याकडे आपण पुन्हा येऊ. वरळीच्या पोदार आयुर्वेद महाविद्यालयात १९४१ पासून विद्यार्थी हेच अध्याय शिकत आले आहेत, आणि त्यांच्या शेजारच्या रस्त्यावर गिरणीकामगार हात गळ्यात बांधून चालत होते.

दुसरी परंपरा अरबी वैद्यकाची. तिच्यातला एक शब्द मला कवी म्हणून कायम खुणावतो. ‘जब्र’. उर्दूत याचा अर्थ बळजबरी. मूळ अरबीत मात्र मोडलेलं जोडणं, हाड बसवणं असाही त्याचा अर्थ आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने समीकरणं सोडवण्याचं जे पुस्तक लिहिलं, त्याच्या नावात ‘अल-जब्र’ आहे. समीकरणाच्या एका बाजूला वजा झालेली, म्हणजे तुटलेली रक्कम दुसऱ्या बाजूला नेऊन पुरी करायची. त्यावरून ‘अल्जिब्रा’ आला, आपल्या शाळेतलं बीजगणित. स्पेनमध्ये हा शब्द दोन्ही अर्थांनी राहिला. तिथे ‘अल्हेब्रिस्ता’ म्हणजे हाडवैद्य. १६१५ मध्ये आलेल्या ‘दोन किहोते’च्या दुसऱ्या भागात घोड्यावरून पडलेल्या एका पात्राला बरं करायला असा अल्हेब्रिस्ताच येतो. दहावीला बीजगणिताने ज्यांचा हात पिरगळला, त्यांना हे ऐकून थोडं समाधान वाटावं.

आपल्याकडे तालमीतले वस्ताद आणि पैलवान हे काम करत आले. निखळलेला खांदा झटक्यात बसवणारे हात गिरणगावात होते, आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता तो उगाच नव्हता. पण मनगटाने भल्याभल्यांना फसवलं आहे. युरोपातही कित्येक शतकं वैद्य असंच मानत होते, की हातावर पडून मनगट वाकडं झालं म्हणजे सांधा निखळला. मग ते ओढून बसवायचे. बसलं असं वाटायचं, आणि हात सोडला की पुन्हा वाकडं.

हा घोळ सुटायला सुरुवात झाली फ्रान्समधल्या ल्यों शहरात. क्लोद पुतो नावाच्या शल्यवैद्याने लिहून ठेवलं की हे निखळणं नव्हे, हाड मोडणं आहे. त्याचं लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १७८३ मध्ये छापलं गेलं आणि फ्रान्सबाहेर फारसं कुणी वाचलं नाही. मग १८१४ मध्ये डब्लिनच्या अब्राहम कोलीस यांनी एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छोटासा लेख लिहिला. भूल नाही, एक्स-रे नाही, आतलं हाड पाहायला प्रेताची चिरफाडही नाही. फक्त बोटं. त्यांनी पाहिलं, की हात ओढून धरला की आकार सरळ होतो आणि ओढ सैल केली की वाकडेपणा परत येतो. सांधा एकदा नीट बसला की असा परत सुटणार नाही. म्हणजे मोड सांध्यात नाही, त्याच्या जरा वर आहे. अंगठ्याच्या बाजूला रेडियस नावाचं जे लांब हाड आहे, त्याच्या टोकापासून दीडेक इंचावर. आजही जगभर या मोडीला ‘कोलीस फ्रॅक्चर’ म्हणतात. बिघडलेल्या मनगटाच्या आकाराला पाश्चात्त्य पुस्तकांत जेवणाच्या काट्याची उपमा देतात. आपल्याकडे काटा कुणाच्या हातात? उलटी धरलेली पळी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झालं.

कोलीस यांच्या लेखात एक विलक्षण प्रामाणिक वाक्य आहे. त्याचा आशय असा, की नीट उपचार न झालेल्या या हाताचा वाकडेपणा जन्मभर राहील, पण पुढे कधीतरी दुखणं जाईल आणि हालचाल परत येईल, एवढाच काय तो दिलासा. आमच्या चाळीत असे वाकडे जोडलेले हात होते. भाकऱ्या थापणारे.

त्यानंतर एक्स-रे आले. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी रोंटगेन यांना जर्मनीतल्या व्युर्ट्‌सबुर्गमध्ये ते अदृश्य किरण सापडले आणि २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं. बोटांची हाडं आणि त्यावर अंगठी. बाईंनी ते पाहून मला माझा मृत्यूच दिसला असे उद्गार काढले, असं सांगतात. रोंटगेन यांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही, म्हणून तो वणव्यासारखा पसरला. जेमतेम सहा आठवड्यांनी, ३ फेब्रुवारी १८९६ रोजी, अमेरिकेतल्या डार्टमथमध्ये एडी मॅकार्थी नावाच्या चौदा वर्षांच्या पोराचा हात काचेच्या नळीखाली ठेवला गेला. पोरगं गोठलेल्या नदीवर घसरून पडलं होतं. वीस मिनिटं हात न हलवता बसलं, आणि चित्रात मनगटाजवळची मोड दिसली. अमेरिकेतला रुग्णाचा हा पहिला एक्स-रे, आणि तो नेमका आपल्याच प्रश्नाचा : मुरगळलं की मोडलं? पुढल्याच वर्षी, १८९७ मध्ये, वायव्य सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेत बीव्हर नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने हे यंत्र डोंगरात नेलं. म्हणजे हिंदुस्थानात ते आधी लढाईला आलं. गिरणीकामगाराच्या वाट्याला यायला त्यानंतर बराच काळ लागला. परळचं केईएम रुग्णालय सुरू झालं १९२६ मध्ये.

आता वाटेल, फोटो आला, प्रश्न मिटला. नाही मिटला. मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत बसवलेली आहेत. त्यातलं एक हाड पक्कं लबाड आहे. त्याचं नाव स्कॅफॉईड. ग्रीक भाषेत ‘स्काफे’ म्हणजे होडी, आणि हे हाड होडीच्याच आकाराचं. कोळीवाड्यातल्या माणसाला चटकन कळेल असं नाव. हातावर पडणाऱ्या तरुणांमध्ये या होडीला तडा जातो आणि सूज फार येत नाही, आकार बिघडत नाही, पोरगा दुसऱ्या दिवशी क्रिकेटही खेळतो. पहिल्या एक्स-रेत तो तडा अनेकदा दिसतच नाही. डॉक्टर म्हणतात ‘काही नाही’, घरचे म्हणतात ‘मुरगळलंय’. या हाडाला रक्त येतं ते उलट्या दिशेने, बोटांकडच्या टोकातून. तडा मधोमध गेला तर मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो तुकडा हळूहळू मरू शकतो. वर्षभराने पोरगा सांगतो, की बादली उचलताना कळ येते. तोवर मनगटाचा सांधा झिजायला लागलेला असतो. एक्स-रे आल्यावर ज्यांनी या छोट्या हाडांचा छडा लावला, त्यांत एत्येन देस्तो हे नाव मोठं आहे, आणि योगायोग असा की तेही पुतोंच्याच ल्यों शहरातले.

ही लबाडी पकडायची जुनी खूण सोपी आहे. अंगठा ताठ करून मागे उचला. मनगटाच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी दोन शिरांमध्ये एक खळगा दिसेल. पूर्वी तपकीर ओढणारी माणसं चिमूटभर तपकीर तिथे ठेवून ओढत, म्हणून वैद्यकात त्याचं नावच ‘तपकिरीची डबी’. पडल्यानंतर या खळग्यात बोटाने दाबल्यावर दुखत असेल तर पहिला फोटो स्वच्छ आला तरी मनगट मुरगळलंय असं धरून चालायचं नाही. हात आधारपट्टीत ठेवायचा आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा. एमआरआयची सोय असेल तर उत्तर आधीच मिळतं.

एक समज तर मी लहानपणापासून ऐकत आलो आहे : बोटं हलतायत ना, मग मोडलेलं नाही. हा समज चुकीचा आहे. बोटं हलवणारे स्नायू कोपराखालच्या भागात असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून पुढे जातात. हाडाला चीर गेली पण तुकडे जागचे हलले नाहीत, तर बोटं खुशाल हलतात. लहान मुलांचं हाड तर ओल्या फांदीसारखं असतं. ते तुटत नाही, पिचतं. मूल थोडा वेळ रडतं, मग खेळायला लागतं, फक्त तो हात वापरत नाही. आईने एवढं एक लक्षात घेतलं तरी पुरे.

दुसरा समज चोळण्याचा. तेल लावून रगडलं की बरं वाटतं, हे खरंच आहे, पण ते दमलेल्या हाताला. ताज्या मारावर चोळलं तर सूज वाढते, आणि आत चीर असेल तर तुकडे सरकतात. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे आवळून बांधलेली पट्टी. सुश्रुतसंहितेतला जो इशारा मघाशी सांगितला, तोच १८८१ मध्ये जर्मनीतल्या रिचर्ड फोन फोल्कमन यांनी नव्या शास्त्राच्या भाषेत मांडला. घट्ट पट्टीखाली स्नायूंचं रक्त तुटतं, काही तासांत ते मरतात आणि बोटं कायमची आकडा होऊन बसतात. हे फोल्कमन शल्यवैद्य तर होतेच, पण टोपणनावाने कविता आणि परीकथाही लिहीत. असा माणूस या बिरादरीत आहे, याचा मला मनातून आनंद होतो. बांबूच्या पट्ट्या करकचून बांधून घेतल्यावर बोटं काळीनिळी पडली, बधिर झाली किंवा बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर उजाडायची वाट पाहायची नाही. पट्टी त्याच क्षणी सोडायची आणि रुग्णालय गाठायचं. प्लास्टरलाही हाच नियम लागू. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या मातीसेन या डच लष्करी डॉक्टरने १८५०च्या सुमारास रूढ केल्या आणि त्यांनी कोट्यवधी हात वाचवले. पण आतला हात सुजला तर प्लास्टर बाहेर सरकत नाही.

मग घरात कुणी पडलं तर पहिल्या तासात करायचं काय? आधी अंगठी आणि बांगड्या काढायच्या. आपल्याकडे बांगडी फोडली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. काचेच्या बांगड्या साबण लावून निघाल्या तर उत्तमच, नाही निघाल्या तर जपून वाढवायच्या. तासाभराने सूज आली की त्याच बांगड्या हाताला फास होतात. मग जाड वर्तमानपत्राची घडी (हे पानही चालेल, वाचून झाल्यावर) हाताखाली आधाराला घेऊन मनगट आणि कोपराखालचा भाग त्यावर हलकेच बांधायचा. ओढणी नाहीतर पंचाची झोळी गळ्यात, हात छातीच्या उंचीवर. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, थेट कातडीवर नाही. वाकडं दिसतंय म्हणून सरळ करायला जायचं नाही. हात वाकडा दिसत असेल, जखमेतून हाड दिसत असेल, बोटं गार किंवा बधिर पडली असतील, तर वेळ न घालवता रुग्णालय. यातलं काही नसेल, पण हाडावर नेमक्या एका जागी बोट ठेवलं की कळ येते, मूठ वळत नाही, कप उचलवत नाही, तर त्याच दिवशी फोटो. आणि अगदी साधी मुरगळ वाटली तरी दोन-तीन दिवसांत उतार पडायला हवा. मुरगळ रोज थोडी कमी होते. तशी ती झाली नाही तर फोटो काढायचा.

पन्नाशीनंतरच्या बायकांबद्दल वेगळं बोललं पाहिजे. पाळी थांबल्यावर हाडांतलं बळ झपाट्याने कमी होतं आणि उभ्या उंचीवरून, नुसतं मोरीत पाय सरकून पडलं तरी मनगट मोडतं. हे मोडणं म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याची पहिली बातमी असू शकते. त्या वेळी हाडांची घनता तपासून घेतली तर पुढे खुब्याचं हाड मोडणं टळू शकतं. गिरणगावात याच वयाच्या बायका खाणावळी चालवत. एकेका खोलीत वीस-पंचवीस गिरणीकामगारांच्या भाकऱ्या, तिखट, पाटा-वरवंटा. सगळं काम मनगटाचं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेच्या कर्जाचा रस्ता दाखवला. पण गिरणीतल्या माणसाला जसं विम्याचं कार्ड होतं तसं या बायकांना नव्हतं. त्याचा हात मोडला तर कायद्याच्या भाषेत तो अपघात होता, आणि हिचा मोडला तर ते नशीब.

त्यालाही ते कार्ड पुरलं नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. त्याचं नेतृत्व करणारे दत्ता सामंत मुळात डॉक्टर. घाटकोपरच्या खाणकामगारांवर उपचार करता करता ते कामगार चळवळीत आले. मी तेव्हा शाळेत होतो. संपानंतर ज्यांची नोकरी गेली, त्यांचा विम्याचा आधारही गेला, आणि ‘मोडलंय’ हा शब्द पुन्हा परवडेनासा झाला. आज त्याच वस्तीतली पोरं स्कूटरवर पाठीला मोठी पेटी लावून घरोघर जेवण पोहोचवतात. पावसात घसरतात. हात गळ्यात बांधून घरी बसलं तर त्या दिवसाची कमाई शून्य, हे गणित बदली कामगाराचंच. दहीहंडीचे गोविंदा निदान सरकारच्या नजरेत आले. २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची आणि गोविंदांना विम्याचं संरक्षण देण्याची घोषणा झाली. जांबोरी मैदानावर थर कोसळला तर दिसतो. जिन्यावर घसरलेली बाई कुणाला दिसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तिथे लिफ्ट आहे, संडास घरात आहे. मात्र गुळगुळीत फरशी ओली झाली की ती जुन्या जिन्याइतकीच निसरडी.

प्लास्टर निघालं म्हणजे हात बरा झाला, असंही नाही. मोठ्या माणसाचं मनगट साधारण सहा आठवडे प्लास्टरमध्ये असतं, स्कॅफॉईडला आठ ते बारा आठवडेही लागतात. बाहेर येतो तो हात बारीक, कोरडा आणि ताठ. त्याच्याकडून काम करून घेणं हे वेगळं शास्त्र आहे, आणि त्यासाठीची देशातली मोठी संस्था आपल्या शेजारीच, हाजी अलीजवळ १९५५ पासून उभी आहे : अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था. अशा ठिकाणी आधी मऊ चेंडू दाबायला देतात, बायकांना कणीक मळायला सांगतात, मग हळूहळू वजन वाढवतात. सुश्रुतसंहितेतही हाताच्या बाबतीत हाच क्रम आहे. आधी मुठीत मऊ गोळा धरायचा आणि हातात बळ आलं की दगड.